तळघराचा निकाल पायाच्या खड्ड्यातच लागतो

ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एखाद्या नव्या सोसायटीची लिफ्ट बंद पडते, तेव्हा दुरुस्तीवाला अनेकदा वर न जाता आधी खाली उतरतो. पार्किंगच्या फरशीपेक्षाही साधारण दीड मीटर खोल असलेला लिफ्टचा खड्डा ही इमारतीतली सर्वांत खालची जागा. त्यात बॅटरी मारली की नितळ पाणी चमकते. त्यात गाळ नाही, पाने नाहीत, वरून वाहत आल्याची कसलीही खूण नाही. बादल्या लावून उपसले की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच रेघेपर्यंत येते आणि ती रेघ भिंतीवर पांढऱ्या खाराने आखलेली असते. हे पाणी जमिनीतून आलेले असते.

पुढची गोष्ट बहुतेक सोसायट्यांच्या ओळखीची आहे. वॉटरप्रूफिंगवाला येतो. भिंतीला भोके पाडून, नळ्या बसवून आत केमिकल दाबले जाते. ओल थांबते. काही दिवसांनी चार फूट अलीकडे, जिथे कधीच ओल नव्हती तिथे, नवा डाग उमटतो. मग पुन्हा कोटेशन, पुन्हा देखभाल निधीतून पैसे, पुन्हा दहा वर्षांची लेखी हमी. कारागिराने फसवले असे नाही. त्याने एक भेग खरोखरच बुजवलेली असते. पण भिंतीपलीकडचे पाणी जागेवरच असते आणि ते दुसरी वाट शोधते. आतल्या बाजूने रंग, एपॉक्सी किंवा प्लास्टर चढवण्याचीही हीच गत. बाहेरून दाब आला की तो थर भिंतीपासून सुटतो, आधी फुगे येतात, मग पोपडे.

हा दाब किती असतो, याचा अंदाज फ्लॅट घेणाऱ्याला कधीच दिला जात नाही. हिशेब शाळेतल्या पुस्तकाइतका सोपा आहे. पाण्याच्या प्रत्येक मीटर उंचीमागे चौरस मीटरला एक टन. तळघराची फरशी भूजलाच्या पातळीखाली तीन मीटर असेल, तर तिच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून तीन टनांचा रेटा बसतो. शंभर गाड्यांच्या, म्हणजे सुमारे तीन हजार चौरस मीटरच्या पार्किंगखाली हा रेटा नऊ हजार टन होतो. निव्वळ वजनाने तो दाबून धरायचा तर सव्वा मीटर जाडीचे काँक्रीट लागेल. वर दहा-पंधरा मजले असतील तर ते वजन कामी येते. जिथे तळघरावर फक्त बाग किंवा मोकळे अंगण असते, तिथे फरशी वर उचलली जाण्याचा आणि तडकण्याचा धोका खरा असतो. म्हणूनच इमारतीचे पुरेसे वजन चढण्याआधी पाणी उपसणारे पंप बंद करणे ही बांधकामातली घोडचूक मानली जाते.

महाराष्ट्रात हा प्रश्न जास्तच फसवा आहे, कारण इथला पाषाण. पठारावर वर काही मीटर मुरूम आणि खाली काळा बेसॉल्ट असतो. पावसाचे पाणी मुरमात भराभर उतरते आणि कातळावर अडते. अशा जमिनीत तळघरासाठी खणलेला खड्डा म्हणजे दगडात कोरलेली टाकीच. खड्ड्याची कड आणि तळघराची भिंत यांमधली फट बहुतेक वेळा साइटवरच्या राडारोड्याने भरली जाते. पहिल्याच मोठ्या पावसात ही फट भरते आणि आजूबाजूच्या विहिरींत पाणी खोल असले तरी या इमारतीभोवती ते जमिनीलगत उभे राहते. कित्येकदा पर्जन्यजल पुनर्भरणाचा खड्डाही जागेअभावी तळघराच्या भिंतीला खेटून काढलेला असतो. पुनर्भरण हवेच, पण स्वतःच्या भिंतीमागे पाणी सोडून नव्हे.

आणि जमिनीची तपासणी? ती बऱ्याचदा उन्हाळ्यात होते, कारण खोदकाम पावसाळ्याआधी सुरू करायचे असते. मे महिन्यात मारलेल्या बोअरला पाणी खोल लागते, अहवालात तो आकडा जातो आणि पुढचे सगळे आराखडे त्या एका कोरड्या आकड्यावर उभे राहतात. ऑक्टोबरमध्ये तीच जागा वेगळे बोलते. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते ते उगाच नाही. पन्नास-साठ वर्षे उभ्या राहणाऱ्या इमारतीसाठी एका दिवसाची नोंद पुरेशी मानणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

पातळी केवळ ऋतूप्रमाणे हलते असेही नाही. शहराच्या सवयी बदलल्या की ती कायमची वर सरकते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला आग्नेय पट्टा याचे जिवंत उदाहरण आहे. तिथल्या घरांच्या तळघरांत गालिचे, लाकडी कपाटे, मुलांच्या खोल्या असतात; तळघर हा घराचा राबता मजला. जमैका वॉटर सप्लाय ही खासगी कंपनी त्या भागात दशकानुदशके विहिरींतून पाणी उपसून घरोघरी पुरवत होती. 1996 मध्ये शहराने ती यंत्रणा ताब्यात घेतली आणि दूरच्या जलाशयांचे पाणी नळाला आणले. 2007 पर्यंत विहिरींचा उपसा थांबला. लोकांना चांगले पाणी मिळाले, पण जमिनीखालचे पाणी वर आले. पाऊस नसतानाही तळघरांत पाणी येऊ लागले, घरोघरी पंप चालू झाले. तिथल्या रहिवाशांनी कोणतीही चूक केलेली नव्हती. त्यांची घरे बांधली गेली तेव्हा पाणी खाली होते, एवढेच.

वाळवंटाच्या काठावरच्या जोधपूरनेही हेच भोगले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात इंदिरा गांधी कालव्याचे पाणी उपसा कालव्याने शहराच्या कायलाना तलावापर्यंत आले. नळाला पाणी आल्यावर शेकडो वर्षे वापरात असलेल्या विहिरी आणि बावड्या ओस पडल्या. काही वर्षांतच जुन्या शहरातल्या बाजारपेठांमधल्या दुकानांच्या तळघरांत पाणी साचू लागले आणि व्यापाऱ्यांना मोटरी लावून ते उपसत बसावे लागले. जिथे पाण्यासाठी पिढ्यानपिढ्या जीव टाकला गेला, तिथे तळघरे बुडाली.

पुण्याच्या पेठांमधले वाडे पाडून आज तिथे तळघरासह इमारती उठत आहेत. त्या वाड्यांतले आड बुजवले गेले, पण आडांना पाणी देणारे झरे बुजलेले नाहीत. मुंबईत समुद्राकाठच्या भरावाच्या जमिनीत तर पाणी वरच असते, भरती-ओहोटीने हलते आणि खारे असते. ते भिंतीतून झिरपले की आतले लोखंड गंजते, फुगते आणि काँक्रीटचे टवके पाडते. तिथे ओल म्हणजे नुसता दिसण्यातला दोष उरत नाही, इमारतीचे आयुष्यच कमी होते.

मग तळघर कोरडे ठेवायचे कसे? ब्रिटनचे बीएस 8102 हे मानक तीन मार्ग सांगते: बाहेरून आवरण घालून पाणी अडवणे, काँक्रीटच पाणी न झिरपणारे बनवणे, किंवा आत येणाऱ्या पाण्याला वाट करून देऊन ते बाहेर टाकणे. जिथे धोका मोठा, तिथे एकावर विसंबू नये, दोन मार्ग एकत्र वापरावेत, असा त्याचा रोख आहे. आपल्याकडचे जुने बॉक्स वॉटरप्रूफिंग पहिल्या मार्गातले. पायाच्या काँक्रीटखाली खरबरीत शहाबादी फरशी मसाल्यात बसवायची, सांधे भरायचे, वर राफ्ट, म्हणजे पायाची सलग काँक्रीटची लादी, ओतायची आणि मग भिंतीबाहेरूनही तीच फरशी उभी लावून मधल्या फटीत सिमेंटचे पाणी भरायचे. आता पत्र्यासारख्या किंवा डांबरी मेम्ब्रेन आल्या आहेत. साहित्य कोणतेही असो, हे काम खड्डा उघडा असतानाच होते. माती लोटली की ती संधी संपली.

आणि सर्वांत नाजूक जागा असते ती राफ्ट आणि भिंत यांचा सांधा. तिथे पीव्हीसीची एक पट्टी, वॉटरस्टॉप, अर्धी खालच्या आणि अर्धी वरच्या काँक्रीटमध्ये राहील अशी बसवायची असते. साइटवर काय होते? राफ्ट ओतल्यावर पट्टी कित्येक दिवस उघडी राहते, तिच्यावर सिमेंटचा लगदा वाळतो, ये-जा करणाऱ्यांचे पाय पडून ती आडवी होते. कुणी ती सरळ करून, ब्रशने पुसून मग वरचे काँक्रीट ओतले, तर ते तळघर कोरडे राहायची शक्यता कितीतरी वाढते. दहा मिनिटांचे हे काम राहून गेले की पुढची वीस वर्षे रहिवासी त्याची किंमत मोजतात.

जे तळघर आधीच बांधून झाले आहे, तिथे पाण्याशी झगडण्याऐवजी त्याला रस्ता द्यावा. भिंतीच्या पायथ्याशी पन्हळ, तिचा उतार संपकडे, म्हणजे पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्याकडे, संपमध्ये एक सोडून दोन पंप, पाणी चढले की आपोआप चालू होणारे आणि जनरेटरला जोडलेले. कारण मोठ्या पावसातच वीज जाते. भिंतीला टेकून प्लायवुड किंवा जिप्सम बोर्ड लावू नये. खर्च करण्याआधी एक साधी परीक्षा घ्यावी: दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला घाम आला तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला आला तर तो हवेतला दमटपणा आहे आणि त्यासाठी पंखा पुरतो.

राहण्या-बसण्यासाठी तळघर वापरण्याबाबत मात्र ठामपणे नाही म्हणायला हवे. 27 जुलै 2024 रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या ग्रंथालयात पाणी घुसून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्या तळघराला तशा वापराची परवानगी नव्हती. ते रस्त्यावरचे पाणी होते, भूजल नव्हे. पण खाली उतरणाऱ्या पाण्यापुढे तळघर किती असहाय असते, हे त्या संध्याकाळी दिसले. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात जे 13 जण दगावले, त्यांतले 11 तळघरातल्या घरांत राहणारे होते.

तळघराचे भोगवटा प्रमाणपत्र देताना महापालिकांनी दोन कागद मागावेत: पावसाळ्यानंतर मोजलेली भूजल पातळी आणि माती लोटण्यापूर्वी काढलेले वॉटरप्रूफिंगचे फोटो. हे कागद ताब्याबरोबर सोसायटीच्या दप्तरात जावेत. तोवर रहिवाशांच्या हाती रेरा कायद्याचे कलम 14(3) आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा आहे. सोसायटीला पाच वर्षे झाली नसतील, तर या पावसाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात बॅटरी मारून पाहा, तारखेसह फोटो काढा, आणि तोंडी न बोलता लेखी पत्र देऊन त्याची पोच घ्या.