करार मोठा, हजेरीपट छोटा

मारुती सुझुकीने २०१५ मध्ये कायम कामगारांच्या संघटनांशी तीन वर्षांचा वेतनकरार केला, तेव्हा दरमहा सरासरी १६,८०० रुपयांची वाढ मान्य झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून हरियाणात अकुशल कामगाराचे किमान वेतन महिना ७,६०० रुपये ठरले. म्हणजे कायम कामगाराच्या पदरात पडलेली नुसती वाढच किमान वेतनाच्या दुपटीहून अधिक होती. वाहन उद्योगात पगार वाढले काय, या प्रश्नाला एकच उत्तर का देता येत नाही, हे या दोन आकड्यांवरून कळावे.

ही दरी संघर्षाविना पडलेली नाही. गुडगावात होंडाच्या कामगारांवर जुलै २००५ मध्ये लाठ्या चालल्या. मानेसरला मारुतीच्या प्रकल्पात २०११ मध्ये संपांची मालिका झाली. १८ जुलै २०१२ च्या हिंसाचारात अवनीशकुमार देव या व्यवस्थापकाचा बळी गेला आणि २०१७ मध्ये १३ कामगारांना जन्मठेप झाली. हिंसाचारानंतर दोनच महिन्यांत कायम कामगारांसाठी घसघशीत करार झाला. पण पुढे या पट्ट्यात मुदतीचे हंगामी कामगार व शिकाऊ उमेदवार यांचाच भरणा होत गेला. देशाच्या संघटित कारखानदारीत शतकाच्या आरंभी पाचातला एक कामगार ठेकेदाराचा होता. २०२२-२३ च्या पाहणीत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे गेले.

कायम कामगाराची बाजूही पूर्वीइतकी भक्कम उरलेली नाही. चाकणला बजाज ऑटोच्या कामगारांनी २०१३ मध्ये एक रुपया दराने प्रत्येकी ५०० समभाग मागितले. सुमारे ५० दिवसांनी संप मागे घ्यावा लागला. वाळूज आणि पंतनगरचे प्रकल्प हाताशी असलेल्या कंपनीला थांबणे परवडते, कामगाराला नाही.

हरियाणातील राज्यकर्त्यांनी या असंतोषावर काढलेला तोडगा मात्र वेगळाच होता. महिना ३० हजार रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांना देणारा कायदा त्यांनी आणला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो रद्द केला. वेतनाचा प्रश्न वास्तव्याच्या दाखल्याने सुटणार तरी कसा होता?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांनी मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन आणि वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी देऊ केली आहे. ही सुधारणा मोलाची खरी. परंतु वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळविण्यासाठी संघटनेपाशी कारखान्याच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार लागतात. ठेकेदाराचा माणूस त्या पटावर नसतोच. मुदतीचा कामगार असतो. मात्र करार तीन वर्षांचा आणि त्याची नेमणूक बहुधा काही महिन्यांची. शिकाऊ उमेदवार तर वेतनसंहितेच्या लेखी कामगारच नाही.

खरी मेख पुढेच आहे. मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगार नेमण्यास संहितेने मनाई केली. पण काम अचानक वाढल्यास सूट ठेवली. दसरा-दिवाळीत मागणी उसळणाऱ्या या धंद्यात ‘अचानक’ कशाला म्हणायचे? मुख्य काम कोणते, या वादावर अंतिम निर्णय संबंधित सरकारचा. खासगी मोटार कारखान्यांपुरते ते सरकार राज्याचे, आणि नवा प्रकल्प आपल्याकडे यावा म्हणून जमीन व करसवलती पुढे करणारेही तेच.