जिताजागता किल्ला

मुलांनो, तुमच्यापैकी काहींनी दौलताबादचा किंवा जंजिऱ्याचा किल्ला पाहिला असेल. तेथे बुरूज दिसतात, तोफा दिसतात. पण संध्याकाळी चुलीचा धूर दिसत नाही. राजस्थानातील जैसलमेरचा किल्ला तसा नाही. रावल जैसल याने ११५६ साली त्रिकूट नावाच्या टेकडीवर तो वसवला. आजही तेथे हजारो माणसे राहतात.

राजस्थानच्या प्रवासात आम्ही सहकुटुंब एक दिवस या किल्ल्यात घालवला. एकामागून एक चार दरवाजे ओलांडले, की मोठा चौक लागतो. तेथून अरुंद गल्ल्या फुटतात. घरांचा पिवळा दगड उन्हात सोन्यासारखा चमकतो. आमच्या धाकट्या मुलाला वाटले, हे सारे संग्रहालयच आहे. त्याने एक कोरीव दार लोटले. आत एक आजीबाई मटार सोलत बसल्या होत्या! त्या हसून म्हणाल्या, "ये बेटा. पण आधी कडी वाजवावी. हे घर आहे." मला फार लाज वाटली.

हे गाव इतके जुने कसे राहिले, ठाऊक आहे? पूर्वी उंटांचे तांडे माल घेऊन येथून जात. पुढे मुंबईसारख्या बंदरांतून व्यापार होऊ लागला. १९४७ साली फाळणी झाली आणि पश्चिमेकडचे रस्तेही बंद झाले. गावात पैसा उरला नाही. जुनी घरे पाडून नवी बांधणार कोण? गरिबीने गाव राखले, असे म्हटले तरी चालेल.

आता तेथे पर्यटकांचा पैसा येतो. २०१३ साली युनेस्कोने राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. त्यांत हाही आहे. पण पैशाबरोबर पाणीही आले. पूर्वी बायका गडीसर तलावातून घागरी भरून आणत. मोजून आणलेले पाणी मोजूनच वापरले जाई. मग घरोघर नळ आले, हॉटेले झाली, पर्यटक रोज दोन-दोनदा आंघोळ करू लागले. किल्ल्यातील गटारे एवढ्या पाण्यासाठी बांधलेलीच नव्हती. पाणी टेकडीत मुरले आणि काही बुरूज व भिंती ढासळल्या. वाळवंटातल्या किल्ल्याला पाण्याने धोका व्हावा!

काही जाणकार म्हणतात, रहिवाशांना बाहेर हलवा, म्हणजे किल्ला वाचेल. मला हे पटत नाही. माणसे गेली, तर घरांची डागडुजी कोण करणार? दाराची कडी कोण काढणार? मग तोही दुसऱ्या किल्ल्यांसारखा ओसाड होईल. गटारे नीट करावीत. हॉटेले टेकडीच्या पायथ्याशी न्यावीत. पाहुण्यांना थोडे चढावे लागेल, एवढेच. तुम्ही कधी तेथे गेलात, तर किल्ला दिवसभर हिंडून पाहा आणि मुक्कामाला खाली या.

निघताना आमच्या मुलाला तहान लागली. आजीबाईंनी माठातले पाणी दिले. तो अर्धाच पेला प्यायला. उरलेले पाणी त्या गटारात ओतणार, असे मला वाटले. त्यांनी ते दाराशी उभ्या असलेल्या गाईच्या घमेल्यात ओतले आणि पुन्हा मटार सोलायला बसल्या.