आधी वजन उतरवून या!

मैत्रिणींनो, आपल्या बैठकांमध्ये सतरंजीच्या कडेने खुर्च्यांची रांग लांबत चालली आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? एके काळी रस्त्यावर बसकण मारल्यावर पोलिसांनी ओढलं तरी न उठणाऱ्या बाया आता खाली बसल्या तर त्यांना उठता येत नाही. आपण हे हसण्यावारी नेतो.

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली, व्यायामाचं शिक्षण माझं नाही. पण २०२३ साली आमच्या वस्तीतल्या एक मावशी, वय ६१, घरोघरी पोळ्या करणाऱ्या, संडासात बसल्या त्या उठूच शकल्या नाहीत. शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. मी त्यांना जवळच्या जिममध्ये घेऊन गेले, तर तिथला मुलगा म्हणाला, "काकू, आधी वजन उतरवून या, मग बघू." म्हणजे रोग्याने बरं होऊन दवाखान्यात यावं!

एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीकडून मी धडे घेतले आणि बालवाडीच्या खोलीत मंगळवार-शुक्रवार वर्ग सुरू केला. अकराजणी आल्या, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या आणि अंगाने जड. खोलीत वजनकाटा ठेवायचा नाही, एवढं पहिल्याच दिवशी ठरवलं.

सुरुवात बैठकांनी केली आणि फसले. मग खुर्ची आणली. खुर्चीवर दोन उशा ठेवून ती उंच करायची, हात न टेकता उठायचं, धपकन न बसता सावकाश टेकायचं. जमलं की एक उशी काढायची. तरीही सगळ्या पाठीतून वाकत होत्या. मी आपली "चुकतंय, चुकतंय" म्हणत राहिले. चूक माझीच होती. पाय जुळवून वाकलं की पोट मध्ये येतं, मग पाठ वाकणारच! पाय फाकवून, चवडे जरा बाहेर वळवले की पोटाला जागा होते. गुडघे चवड्यांच्या दिशेला, टाचा जमिनीवर. एवढं सांगितलं तर पाय फाकवायला कुणी तयार होईना. लहानपणापासून "पाय जुळवून बस" ऐकलेल्या या बाया. तो आठवडा व्यायाम बाजूलाच राहिला, आम्ही त्यावरच बोललो. पुढच्या वेळी चौघी लेकीसुनांचे सलवार-कुडते घालून आल्या.

ओझं उचलायला शिकवताना पाठीवर काठी धरायची. डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली ठेवून कमरेतून वाकायचं. पाच लिटरचा पाण्याचा कॅन आधी स्टुलावरून उचलायचा, जमिनीवरून नंतर. जोर लावताना श्वास सोडायचा. कोंडला तर रक्तदाब चढतो, आणि आमच्यातल्या निम्म्या बाया त्याच्या गोळ्या घेतात. (ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा छातीत दुखतं, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.) आठ-दहा वेळा करून आणखी दोनदा जमेल असं वाटलं की थांबायचं. सोपं झालं की भार वाढवायचा. आणि हात लावण्याआधी विचारायचं. अंगाला विचारून हात लावलेला यातल्या कितीजणींना ठाऊक असेल?

"आयुष्यभर ओझीच वाहिली, आता आणखी कशाला?" हा मावशींचा प्रश्न अगदी खरा आहे. पण हंडा उचलताना तो किती भरायचा, कधी थांबायचं, हे त्यांच्या हातात नव्हतं. शरीर झिजलं, मजबूत झालं नाही. इथे भार बेताबेताने वाढतो आणि मध्ये विश्रांती मिळते. वयाचं म्हणाल, तर १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धनिवासातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे असा व्यायाम देऊन पाहिला होता. जे शेवटपर्यंत टिकले त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. जागतिक आरोग्य संघटनाही २०२० पासून सांगते आहे की प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल आणि ताकदीचा. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्याने ठिसूळ होतात. पडून खुब्याचं हाड मोडलं तर पुढे तिचं कोण करणार, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

मग आपल्या शिबिरांत मुलींसाठी कराटे आणि पन्नाशीच्या बाईसाठी फक्त 'चालत जा' हा सल्ला, असं का? पुढच्या शिबिरात एक सकाळ यासाठी द्या. खुर्च्या, काठ्या आणि पाण्याचे कॅन एवढंच लागतं. बारीक होण्याचं आमिष मात्र दाखवू नका. मावशींचं वजन वर्षभरात जेमतेम दोन किलो उतरलं. आता त्या संडासात आधार न घेता उठतात, आणि कडी लावतात.

अकरातल्या तिघी गळाल्या. दोघींना नातवंडं सांभाळायची होती, एकीच्या नवऱ्याला बरोबर चारला चहा लागतो. वर्ग आता दोन वाजता घेऊन पाहतोय.