संपादक परदेशात कशासाठी जातात?

फ्रँकफर्ट येथे दर ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या पुस्तक मेळ्याची आपल्याकडे चर्चा होते, ती बहुधा भारतीय दालनात किती पुस्तके मांडली गेली आणि शिष्टमंडळात कोणाची वर्णी लागली याच अंगाने. या मेळ्याच्या निमित्ताने निरनिराळ्या देशांतील मोजके तरुण संपादक आणि हक्कविक्रीचे काम पाहणारे अधिकारी जर्मनीत दाखल होतात, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. १९९८ पासून दिल्या जाणाऱ्या 'फ्रँकफर्ट फेलोशिप'चे हे मानकरी. ते प्रकाशनसंस्थांना भेटी देतात, पुस्तकांची दुकाने पाहतात, समव्यावसायिकांशी बोलतात आणि मग मेळ्यात सहभागी होतात. वरकरणी ही अभ्याससहल वाटते. परंतु कोणत्या भाषेतील पुस्तक कोणत्या भाषेत जाणार, याचे कित्येक निर्णय अशा दौऱ्यांत जुळलेल्या ओळखींवर पुढे अनेक वर्षे होत राहतात.

न वाचलेल्या पुस्तकाची खरेदी

याचे कारण अनुवादहक्कांच्या व्यवहारातच आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कमधील संपादकाला फार तर एखाद-दुसरी परकी भाषा येते. कोरियन, तुर्की किंवा मराठी कादंबरीचे हक्क घ्यायचे, तर त्याला मूळ पुस्तक वाचता येत नाही. हाती असतात ती नमुन्यादाखल अनुवादित केलेली काही पाने, भाषा जाणणाऱ्या वाचकाचा अभिप्राय आणि हक्क विकू पाहणाऱ्या एजंटाची शिफारस. एजंटाचा त्यात स्वार्थ असतो आणि वाचकाची अभिरुची संपादकाला ठाऊक नसते. अशा वेळी दुसऱ्या देशातील ज्या संपादकाची निवड आपल्या निवडीशी जुळते हे अनुभवाने कळले आहे, त्याचा शब्द मोलाचा ठरतो. ही पारख पत्रव्यवहाराने होत नाही. आठ-दहा दिवस एकत्र राहून, एकमेकांच्या याद्या चाळून आणि वाद घालूनच ती होते.

इंग्रजीभाषक जगात या विश्वासाची गरज अधिक आहे. अमेरिकेत प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांपैकी अनुवाद जेमतेम तीन टक्के असतात, असे मानले जाते. रॉचेस्टर विद्यापीठाने २००७ मध्ये अनुवादित साहित्यासाठी सुरू केलेल्या उपक्रमाचे नावच 'थ्री पर्सेंट' असे आहे. जर्मनीत मात्र नव्या पुस्तकांपैकी सुमारे आठवा हिस्सा अनुवादांचा असतो. न्यूयॉर्कमधील जर्मन बुक ऑफिसने अमेरिकी संपादकांसाठी जर्मनीचे दौरे आखले होते, त्यामागे ही तफावत होती.

या दौऱ्यांत दुसऱ्या देशाचा ग्रंथव्यवहार कोणत्या नियमांवर चालतो, हेही उमगते. जर्मनीत पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि ती सर्व विक्रेत्यांवर बंधनकारक असते. ही जुनी प्रथा २००२ मध्ये कायद्याने पक्की झाली. फ्रान्समध्ये असा कायदा १९८१ पासून आहे, तर ब्रिटनमधील किंमत-करार १९९० च्या दशकात मोडीत निघाला. किंमत सर्वत्र सारखी असल्याने मोठ्या साखळ्यांना सवलतींच्या जोरावर लहान दुकानदाराला हटवता येत नाही आणि संथ खपाच्या पुस्तकालाही जागा मिळते, असे या पद्धतीचे समर्थक सांगतात. संध्याकाळी मागवलेले पुस्तक घाऊक वितरकांमार्फत दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात पोहोचते, ही व्यवस्थाही तेथे रुळलेली आहे. एखाद्या अपरिचित लेखकाचा अनुवाद काढण्याचे धाडस जर्मन प्रकाशक कशाच्या आधारावर करतो, याचे उत्तर अशा तपशिलांत सापडते.

यजमानांचा लाभ आणि यजमानांचे राजकारण

दौऱ्याचा खर्च बहुधा यजमान देश करतो, कारण दीर्घकालीन लाभ त्याचाच असतो. जेरुसलेमच्या पुस्तक मेळ्याने तरुण संपादकांसाठी १९८५ मध्येच फेलोशिप सुरू केली. ऑस्ट्रेलियाने १९९८ पासून परदेशी प्रकाशकांना आपल्याकडे बोलावण्याचा कार्यक्रम राबवला. दक्षिण कोरियात साहित्याच्या अनुवादासाठी १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेने अनुवादकांचे प्रशिक्षण, अनुदान आणि परदेशी प्रकाशकांशी संपर्क ही कामे एकत्र हाती घेतली. हान कांग यांच्या 'द व्हेजिटेरियन'ला २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले आणि २०२४ मध्ये त्या नोबेलच्या मानकरी ठरल्या. हे श्रेय लेखिकेचे आणि तिच्या अनुवादकांचे. पण पुस्तक बाहेर नेणारी यंत्रणा त्याआधी दोन दशके काम करत होती, हेही विसरून चालणार नाही.

अर्थात असा पाहुणचार निरपेक्ष नसतो. कोणाला भेटवायचे आणि कोणाला नाही, हे यजमान ठरवतो. शिवाय पुस्तकांचे मेळे जागतिक संघर्षांपासून अलिप्त राहिलेले नाहीत. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर फ्रँकफर्टने रशियाच्या सरकारी संस्थांशी सहकार्य थांबवले. २०२३ मध्ये पॅलेस्टिनी लेखिका अदानिया शिबली यांचा तेथील नियोजित पुरस्कार सोहळा लांबणीवर टाकण्यात आल्याने वादळ उठले. २०२४ मध्ये हजाराहून अधिक लेखकांनी पॅलेस्टिनींच्या दडपणुकीत सहभागी असलेल्या इस्रायली सांस्कृतिक संस्थांशी संबंध न ठेवण्याचे जाहीर केले. निमंत्रण स्वीकारणाऱ्या संपादकाला अधिकृत कार्यक्रमपत्रिकेबाहेरचे लेखक आणि भाषा स्वतः शोधाव्या लागतात, हा या घटनांचा धडा आहे.

भारतात हा धडा विशेष लागू पडतो. फ्रँकफर्टने १९८६ आणि २००६ अशा दोन वेळा भारताला पाहुण्या देशाचा मान दिला. तरीही परदेशी संपादकाच्या लेखी भारतीय प्रकाशन म्हणजे प्रामुख्याने दिल्लीतील इंग्रजी प्रकाशन. गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीला २०२२ मध्ये आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. दोन्ही पुस्तके ब्रिटनमधील लहान प्रकाशनसंस्थांनी काढली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मराठीचे काय?

मराठीचा परकी पुस्तकांशी संबंध दाट आहे, पण तो बहुतांशी एकतर्फी आहे. पुण्या-मुंबईतील कोणत्याही दुकानात इंग्रजीतून आलेल्या अनुवादांचे कप्पे भरलेले दिसतात. उलट दिशेची वाट अरुंद आहे. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ मध्ये मराठीत आली. जेरी पिंटो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये भारतात आणि २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. म्हणजे इंग्रजी अनुवाद येथे निघाला, तेव्हाच कादंबरी परदेशी संपादकाच्या नजरेस पडू शकली. असा अनुवादक न लाभलेल्या पुस्तकांना दारच नाही.

त्याहून अवघड प्रश्न घरातला आहे. उद्या एखाद्या फेलोशिपचे निमंत्रण आले, तर मराठीतून पाठवायचे कोणाला? श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाचा अभिमान आपण बाळगतो. परंतु निवड, संस्करण, छपाई आणि विक्री ही सारी ओझी एकटा प्रकाशकच वाहतो, अशीच अनेक मराठी संस्थांची स्थिती आहे. संपादक हे स्वतंत्र पद नसेल, तर त्याची देवाणघेवाण कशी होणार? मराठी पुस्तकांचे हक्क बाहेर विकणे हे जवळपास कोणाचेच नेमून दिलेले काम नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये पुणे पुस्तक महोत्सवही सुरू झाला. या महोत्सवाच्या सुमारास आठ-दहा संपादकांना आठवडाभर पुण्या-मुंबईत बोलावणे, हा परदेशात दालन उभारण्याइतका खर्चिक मामला नाही. त्यांत बड्या समूहांपेक्षा, भारतीय साहित्याला वाहिलेल्या हायडेलबर्गच्या द्रौपदी फेरलागसारख्या लहान संस्थांना प्राधान्य द्यावे. कन्नड, बंगाली आणि मल्याळम संपादकांनाही स्थान असावे, कारण सीमेपलीकडच्या राज्यातील संपादकालाही मराठीतील नवे लेखन ठाऊक नसते. मात्र पाहुण्यांच्या हाती ठेवायला वीस-पंचवीस पुस्तकांचे उत्तम नमुना अनुवाद आणि हक्क कोणाकडे आहेत याची स्वच्छ नोंद तयार हवी. हे काम महोत्सवाच्या मांडवात होणार नाही, ते वर्षभर आधी सुरू करावे लागेल.