विकत घेतलेल्या संगणकावर दुकान थाटणाऱ्यांना आवरा!

सातारा-सांगलीतल्या तमाम संगणक वापरणाऱ्या बंधू-भगिनींनो,

जून महिना म्हणजे काय, हे पाटणपासून जतपर्यंत कुणाला सांगायला नको. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर. सेवा केंद्रासमोर सकाळपासून रांग, आणि सर्व्हर त्याच्या मर्जीनं. अशाच एका सकाळी कऱ्हाड तालुक्यातल्या एका केंद्रात संगणक सुरू केला, तर अर्जाऐवजी अख्ख्या स्क्रीनवर विंडोजचा फलक उभा: संगणकाची मांडणी पूर्ण करूया! मांडणी कसली? संगणक दोन वर्षं राबतोय. फलकाच्या पोटात काय, तर ऑनलाइन साठवणूक घ्या, ऑफिसच्या सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन घ्या, आमचाच ब्राउझर वापरा. खाली दोन वाटा. एक ठसठशीत बटण, ‘पुढे चला’. दुसरी वाट, ‘तीन दिवसांनी आठवण करा’. ‘नको’ कुठेच नाही.

रांग खोळंबलेली. केंद्र चालवणाऱ्या ताईंनी घाईघाईत ‘पुढे चला’ दाबत नेलं. डेस्कटॉपवरचे स्कॅन, म्हणजे गावातल्या लोकांची आधार कार्डं, रेशन कार्डं, शाळा सोडल्याचे दाखले, गुपचूप कंपनीच्या सर्व्हरवर चढू लागले. मग सूचना आली: फुकटची ५ जीबी जागा भरली, आता दरमहा पैसे भरा. दुसऱ्यांचे कागद ताईंच्या हातून नेले, ते ठेवायचं भाडंही ताईंकडेच मागितलं.

ज्याला याचा राग येत नाही त्यानं पत्रक इथंच खाली ठेवावं.

जाहिरातीशी आमचं भांडण नाही. एसटी स्टँडवर जाहिराती आहेत, पेपरात आहेत, कुणी तक्रार करत नाही. भांडण आहे ते नकार नोंदवूनच न घेण्याशी. हिशेब करा. दर तीन दिवसांनी एकदा, म्हणजे वर्षाला १२१ वेळा तुम्ही नाही म्हणायचं. हो मात्र एकदाच म्हणायचं, घाईत, चुकून म्हटलं तरी चालेल. ते कायमचं लक्षात ठेवलं जातं. गणपतीची वर्गणी मागणारी पोरंसुद्धा वर्षातून एकदाच येतात, आणि ‘यंदा नाही जमणार’ म्हटलं की पुढच्या दाराला जातात.

यावर काही शहाणे म्हणतात, फुकटात मिळतंय तर सोसा की! फुकट? लॅपटॉपसाठी पस्तीस-चाळीस हजार मोजले, त्यात विंडोज या प्रणालीची किंमत धरलेली होती. फुकट्याला जाहिरात दाखवा, गिऱ्हाइकाला कशाला?

दुसरे म्हणतात, सेटिंगमध्ये बंद करता येतं. येतं ना! लॉक स्क्रीनचं बटण एका पानावर, स्टार्ट मेनूचं दुसऱ्या, सूचनांचं तिसऱ्या, आणि फाइल एक्सप्लोररमधलं तर ‘सिंक प्रोव्हायडर’ अशा नावाखाली दडवलेलं, की शोधणाऱ्याला वाटावं हे आपलं नव्हेच. चालू करायला एक फलक, बंद करायला चार खोल्यांची झडती. एप्रिल २०२४ पासून तर विंडोज ११ च्या स्टार्ट मेनूतही जाहिराती आल्या, त्याही ‘शिफारस’ या शीर्षकाखाली. कुणी कुणाकडे शिफारस मागितली होती?

तिसरी जात सगळ्यांत डोकं उठवणारी: लिनक्स टाका, प्रश्न मिटला. केरळच्या सरकारी शाळांनी ते करून दाखवलं, त्यांचं कौतुकच आहे. पण सांगलीच्या छापखान्यातला पेजमेकर आणि श्रीलिपीत केलेलं वीस वर्षांचं काम त्याच्यावर उघडून द्या, मग आम्हाला अक्कल शिकवा.

आता सुरक्षिततेचं ऐका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढे वर्षभर सुरक्षा हवी असेल तर ३० डॉलरच्या घरात मोजा, नाहीतर संगणकाची सेटिंग्ज कंपनीच्या ऑनलाइन खात्यात ठेवायला लागा, म्हणजे पुन्हा त्याच ५ जीबीच्या दारात. युरोपात ग्राहक संघटना भांडल्या, तिथल्या लोकांसाठी ही अट गळून पडली. वाईच्या आणि विट्याच्या माणसाला मात्र ती आहेच. चोरांपासून संरक्षणसुद्धा आता खातं उघडण्याच्या बोलीवर!

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी आहे: सततचा तगादा, सबस्क्रिप्शनचा सापळा, सक्तीची कृती, वेष पालटलेली जाहिरात वगैरे. यादी वाचताना वाटतं, लिहिणाऱ्यानं आपलाच संगणक समोर ठेवला होता. पण तक्रारच गेली नाही तर कागद कागदच राहतो.

म्हणून मागणी एकच. प्रत्येक फलकावर ‘नको, पुन्हा विचारू नका’ हे बटण ‘पुढे चला’एवढ्याच आकाराचं हवं, आणि ते दाबल्यावर अपडेटनंतरही पाळलं गेलं पाहिजे.

साखर कारखाने, पतसंस्था, बाजार समित्या आणि दोन्ही जिल्हा परिषदांच्या पदाधिकाऱ्यांनो, संगणक तुम्ही घाऊक घेता. निविदेत एक ओळ घाला: जाहिराती आणि सबस्क्रिप्शनचे फलक पूर्ण बंद करून दिल्याशिवाय बिल निघणार नाही. एकट्या गिऱ्हाइकाला न जुमानणारा विक्रेता शंभर संगणकांच्या ऑर्डरपुढे नीट बोलतो.

आणि बाकीच्यांनी फलक आला की मोबाइलवर तारखेसह फोटो काढा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी लोकांचे स्कॅन डेस्कटॉपवर ठेवणं आजपासून बंद करावं. पत्रक वाचून झालं की शेजारच्या झेरॉक्सवाल्याला द्या.

आपले,
सातारा-सांगलीतील काही वैतागलेले संगणकधारक