यश मोजायचे कशाने?

मी कात्रजला राहतो. पगारी नोकरी नाही. भाषांतर, मुद्रितशोधन, कुणाचे भाषण, कुणाचा अहवाल, असे मिळेल ते काम करतो. शब्दांमागे पैसे मिळतात. चळवळीसाठी लिहितो त्याचे मिळत नाहीत. परवा वस्तीतल्या एका कार्यकर्त्याने तोंडावरच विचारले, "दादा, इतकी वर्षे लिहिताय, मिळवलं काय?"

प्रश्न रास्त आहे. आपण लिहितो, लोक "क्रांतिकारी जयभीम" म्हणतात. विरोधक शिव्या घालतात. कौतुकाने छाती फुगते आणि शिव्यांनी तर जास्तच फुगते, कारण वाटते, बाण बरोबर लागला! पण एवढ्याने कुणाचे काय बदलले?

याच पुण्यात शिवराम जानबा कांबळे होऊन गेले. मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी करून त्यांनी चळवळ केली. 1903 मध्ये सासवडला 51 गावांतील महारांची सभा भरवली. 1908 मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. 'मूकनायक' निघायला अजून बारा वर्षे होती. वाचू शकणारेच मूठभर, तिथे वर्गणीदार किती असणार? आजच्या मापाने तोलले तर हा माणूस अपयशीच ठरेल.

पण या मासिकाने मुली देवाला सोडण्याच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा शिवूबाई लक्ष्मण जाधव-सोनकांबळे या मुरळीने 1909 साली मासिकाला पत्र लिहिले. ज्या बाईला समाजाने बोलण्याचा अधिकारच दिला नव्हता, ती स्वतःच्या नावाने छापून आली. कांबळे तेवढ्यावर थांबले नाहीत. मुरळीने ही प्रथा सोडली तरी तिच्याशी लग्न कोण करणार, हा खरा प्रश्न होता. त्यांच्याच कार्यकर्त्यांपैकी गणपतराव हनमंतराव गायकवाड पुढे आले आणि शिवूबाईंशी लग्न केले.

मित्रांनो, लेख, वाचकाचे उत्तर आणि त्या उत्तरावर कृती, अशी ही साखळी आहे. यातली शेवटची कडी आपण हरवली आहे.

दुसऱ्याला कशाला बोलू? माझेच सांगतो. शिष्यवृत्तीवरचा माझा एक लेख वाचून एका विद्यार्थिनीने मला लिहिले होते, "सर, माझे पैसे अडकलेत, कॉलेज परीक्षेचा फॉर्म भरू देत नाही." मी उत्तर दिले, "लढत राहा. जयभीम." आणि पुढच्या लेखाला बसलो. तिचे पुढे काय झाले, मला आजही माहीत नाही. तो लेख पुष्कळ लोकांनी वाचला, वाखाणला. माझ्या लेखी तो माझा सर्वांत अपयशी लेख आहे.

कुणी म्हणेल, लेखकाने लिहावे, धावपळ कार्यकर्त्यांनी करावी. ही वाटणी आपल्या परंपरेतली नाही. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले ते 1927 साली, आणि चवदार तळ्याचा सत्याग्रहही त्याच वर्षीचा. कांबळेही 1929 मध्ये पर्वतीच्या मंदिर सत्याग्रहात पुढे होते. कात्रजहून स्वारगेटला जाताना डाव्या हाताला ती टेकडी दिसते, तेव्हा मला माझे ते तीन शब्दांचे उत्तर आठवते.

पोटासाठी दुसऱ्याचे शब्द लिहिण्यात लाज नाही. कांबळ्यांनीही नोकरी केलीच की! लाज वाटायला हवी ती वाचकाने हाक मारली असताना घोषणा देऊन मोकळे होण्याची.

म्हणून त्या कार्यकर्त्याला मी सांगितले, "यापुढे असे पत्र आले की तुला फोन करीन. दोघे मिळून त्या मुलीबरोबर कॉलेजात जाऊ. वर्षभराने पुन्हा विचार, मिळवलं काय."

तो म्हणाला, "रात्री केलात तरी चालेल."

जयभीम!