बचत आराखड्यातली आणि मीटरवरची

व्यापारी इमारतींच्या ऊर्जा संहितेने किती वीज वाचली, असे विचारले असता आपल्याकडे सहसा किती वाचेल याचाच आकडा पुढे केला जातो. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याच्या आधारे केंद्र सरकारने २००७ साली ही संहिता जाहीर केली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. संहितेनुरूप इमारतीत किमान २५ टक्के, तर सर्वोच्च श्रेणीच्या इमारतीत ५० टक्के बचत सुधारित संहितेत अपेक्षिलेली होती.

ही बचत कशाच्या तुलनेत? तर संगणकावर मांडलेल्या, प्रत्यक्षात कोठेही उभ्या नसलेल्या एका प्रमाण इमारतीच्या. माणसे किती बसणार, कचेरी किती तास चालणार, हे सारे गृहीत धरलेले. पुढे पडदे ओढून भर दिवसा दिवे जळतात, ऐन मे महिन्यात कारकून स्वेटर घालून बसतात. त्याची नोंद या हिशेबात नाही. वर्षारंभी अभ्यासाचे सुबक वेळापत्रक दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास परीक्षेवाचूनच उत्तीर्ण करावे, तसा हा प्रकार आहे. शिवाय पुष्कळदा इमारत बांधतो एक आणि विजेचे बिल भरतो दुसराच.

मोजणी झाली तरी ती कशी झाली, हेही पाहावे लागते. अमेरिकेत ‘लीड’ हे हरित इमारतींचे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे, संहिता नव्हे. पण तेथील अनुभव बोधक आहे. २००८ साली अशा १२१ इमारतींच्या पाहणीतून सुमारे २५ ते ३० टक्के बचतीचा निष्कर्ष निघाला. जॉन स्कोफिल्ड या भौतिकीच्या प्राध्यापकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. पहिल्या पाहणीत लहान व प्रचंड इमारतींना सारखेच वजन मिळाले होते. स्कोफिल्ड यांनी क्षेत्रफळानुसार वजन दिले, वीजनिर्मितीत खर्ची पडणारे इंधनही जमेस धरले. तेव्हा मूळ ऊर्जेतील बचत जवळजवळ नाहीशी झाली. सरासरी कोणती काढावी हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राच्या पेपरापुरता नसतो, तो असा.

ऑस्ट्रेलियात ‘नेबर्स’ मानांकन बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष वापरावर ठरते आणि मोठ्या कार्यालयीन जागा विकताना वा भाड्याने देताना ते जाहीर करणे २०१० पासून कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनेही २००९ पासून चालू इमारतींना प्रति चौरस मीटर वार्षिक वापरावरून तारे देण्याची योजना आखली. मात्र ती ऐच्छिक राहिली. एकपाळी कचेरी आणि अहोरात्र चालणारे कॉल सेंटर एकाच फूटपट्टीने मोजता येणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी कामाचे तासही नोंदवावेत. मोजणीच टाळणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

त्यासाठी नवे खाते काढण्याची गरज नाही. इमारतीचे क्षेत्रफळ नगरपालिकेच्या दप्तरी असते, दरमहाचे वाचन वीज वितरण कंपनीकडे. भोगवटा प्रमाणपत्रानंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षाचे हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापावेत, आणि खाली आराखड्यातला अंदाजही द्यावा.